डॉक्टर, सुईण आणि दोन दिवसांचे बाळ

१/८ बाळ आजारी पडले की त्याला डॉक्टरकडे न्यावे, हे आज स्वाभाविक वाटते. पण डॉक्टर कोसो दूर आणि बाळ दोनच दिवसांचे असेल तर? ग्रामीण महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा हा इतिहास. #धागा

२/८ १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. पुढे केंद्रे उभी राहिली; पण डॉक्टरने केंद्रात बसावे आणि रुग्णाने तेथे यावे, हीच रीत राहिली. बाळंतिणीच्या खोलीतले अर्भक त्या रांगेत क्वचितच दिसे.

३/८ १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले. गावातल्याच स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. डॉक्टर येथे शिक्षक झाला.

४/८ गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने पुढचे पाऊल टाकले. बालकांचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखता येतो; पण अनेक सुईणींना बाराच्या पुढे मोजता येत नसे. त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार झाले.

५/८ गावपातळीवरच प्रतिजैविके दिली गेली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले : पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५.

६/८ नवजात मृत्यूंचा प्रश्न उरला होता. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन, ऊब व स्तनपान पाहू लागल्या. जंतुसंसर्ग झाल्यास त्या जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. सुई ही पदवीधरांचीच मिरास मानली जाई, म्हणून हे पाऊल धाडसाचे होते.

७/८ १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधूनच निकाल जगापुढे आला : तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

८/८ २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्ती देशभर नवजात बाळांच्या घरी जाते : ४२ दिवसांत, दवाखान्यात जन्मलेल्यांसाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यांसाठी सात. डॉक्टरची गरज यामुळे संपली नाही. अत्यवस्थ बाळाला आजही रुग्णालयच लागते. मात्र धोका वेळेत ओळखणारी नजर आता बाळाच्या घरापर्यंत पोहोचली आहे. ती नजर घडवणे, हेही डॉक्टरचेच काम ठरले.