सामूहिक वनव्यवस्थापन आणि कार्बनसाठा

सामूहिक वनव्यवस्थापन म्हणजे गावाच्या परंपरागत हद्दीतील जंगलाचे रक्षण, वापर व पुनरुज्जीवन ग्रामसभेने स्वतः ठरविलेल्या नियमांनी करणे. अशा जंगलातील झाडे, मुळे, पालापाचोळा व माती यांत कार्बन साठून राहतो. त्यामुळे हवामानबदलाच्या चर्चेत या पद्धतीला महत्त्व आले आहे. महाराष्ट्रात तिचे सर्वपरिचित उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव होय.

मेंढा (लेखा)

वनहक्क कायदा २००६ साली झाला. मेंढ्याचे वनरक्षण मात्र त्याहून जुने आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे सहकार्य लाभलेल्या या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते अधिकार ग्रामसभेकडे आले. बांबूच्या बेटातील जून काठ्याच तोडल्या, तर बेट जिवंत राहते व नवे कोंब फुटतात. म्हणजे उत्पन्न आणि साठा यांत येथे विरोध नाही.

वणवा आणि तेंदूपाने

पानझडी जंगलात कार्बनचे मोठे नुकसान कुऱ्हाडीइतकेच वणव्यानेही होते. तेंदूला कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून उन्हाळ्यात झुडपे छाटण्याची व आग लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानांच्या हमखास उत्पन्नावर पाणी सोडले आणि तोडणीच थांबविली. आग टळली, की रोपे वाढतात आणि पालापाचोळा मातीत मुरतो. ही बाब किरकोळ नाही; भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील जंगलांतील ७२०.४ कोटी टन कार्बनपैकी सुमारे ५६ टक्के मातीतच आहे.

मोजणी

झाडाचा छातीच्या उंचीवरील घेर घेऊन सूत्राने त्याचे शुष्क वजन काढतात. त्याचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, त्याला ३.६७ ने गुणल्यास कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. घेर मोजणे गावकऱ्यांना सहज जमते. मातीच्या नमुन्यांसाठी मात्र प्रयोगशाळा लागते.

मोबदल्याचा प्रश्न

जंगल राखल्याबद्दल विकसनशील देशांना मोबदला मिळावा, हा विचार २००७ च्या बाली परिषदेत पुढे आला. मेघालयातील खासी टेकड्यांवर तशा प्रकारचा सामूहिक प्रकल्प उभा राहिला. कार्बन बाजाराची अट मात्र अशी, की प्रकल्प नसता तर जो कार्बन साठला नसता तेवढाच हिशेबात धरावा. मेंढ्यासारख्या गावांना ती विपरीत ठरते. ज्यांनी आधीपासून जंगल राखले, त्यांचा 'वाढीव' साठा थोडा, आणि जेथे ते उजाड होऊ दिले गेले तेथील वाव मोठा. शिवाय वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची मालकी स्पष्ट असली, तरी कार्बनचा उल्लेख नाही. साठ्याचा मोबदला आलाच, तर तो ग्रामसभेचा की शासनाचा, हे त्यामुळे कायद्याच्या शब्दांतून ठरत नाही.