गावाचा हिशेब, राजधानीचा हिशेब

लढाईने मोडलेले राज्य पुन्हा उभे कसे करायचे? जागतिक बँकेत काम केलेले अभ्यासक अश्रफ घनी २००२ साली अफगाणिस्तानचे अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी तिथे ‘राष्ट्रीय एकता कार्यक्रम’ सुरू झाला. गावाने गुप्त मतदानाने परिषद निवडायची, पाणी आधी की रस्ता हे स्वतः ठरवायचे आणि पैशाचा हिशेब राखायचा. हजारो गावांत कामे झाली.

२०१४ साली घनी राष्ट्राध्यक्ष झाले. पण काबूलचा कारभार मूठभरांच्याच हाती राहिला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान वेशीवर येताच ते देश सोडून गेले.

विहिरीचा हिशेब गाव विचारू शकत होते. राजधानीचा कोण विचारणार? तुम्हीच विचार करा, राज्य टिकते ते कशाच्या बळावर?