भविष्य निर्वाह निधी आणि बेंगळुरूचे आंदोलन

भविष्य निर्वाह निधी : १९५२च्या कायद्यानुसार कामगार व मालक यांच्या वर्गणीतून उभा राहणारा निवृत्तिनिधी. सर्वसाधारणपणे दोघेही मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम दरमहा भरतात. मात्र मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेली रक्कम कामगाराच्या खात्यात व्याजासह साठते. नोकरी सुटून दोन महिने बेकार राहिलेल्याला ही साठलेली रक्कम काढता येत असे. फेब्रुवारी २०१६च्या अधिसूचनेने मालकाचा हिस्सा ५८ व्या वर्षापर्यंत अडकवला, तेव्हा बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेवाचून १८ व १९ एप्रिलला होसूर रस्ता आणि तुमकूर रस्ता रोखून धरला. म्हातारपणासाठी पुंजी राहावी हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण शिलाईच्या यंत्रावर ५८ वर्षांपर्यंत टिकणाऱ्या स्त्रिया विरळाच, आणि काम सुटल्यावर घरभाडे, मुलांची फी व कर्जफेड यांसाठी त्यांच्याजवळ याखेरीज क्वचितच काही उरते, याचा विचार त्यात नव्हता. १९ एप्रिललाच केंद्रीय श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतल्याचे जाहीर केले.