कथा कोठून सुरू होते?

गोंदियाला आम्ही काही वाचक अधूनमधून जमतो, तेव्हा एक छोटासा खेळ खेळतो. प्रत्येकाने एका कादंबरीचा आरंभ वाचून दाखवायचा, पुस्तकाचे नाव सांगायचे नाही, आणि इतरांनी पुढची कथा कशी असेल याचा तर्क करायचा. मागच्या खेपेला विषय ठरला तो थोडा विचित्रच होता : ख्रिस्ती श्रद्धेने भारलेल्या प्रेमकथा. इंग्रजीत या प्रकाराची एक मोठी बाजारपेठ आहे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी 1979 साली आली आणि तिच्या यशानंतर हा प्रकार फोफावला, असे सामान्यतः मानले जाते. आमच्यातल्या एकाने तिचाच आरंभ वाचला. दुसऱ्याने बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ काढले. आणि मग खेळ बाजूला राहून वाद सुरू झाला.

वादाचे मूळ असे. ओकबाईंची नायिका मार्टी पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली तरुणी आहे. वाटेत नवरा मरतो आणि ती एकाकी, गरोदर, परक्या मुलखात उरते. एक विधुर शेतकरी आपल्या लहान मुलीला आई हवी म्हणून तिला लग्नाचे विचारतो आणि ती नाइलाजाने हो म्हणते. हे सारे आरंभीच्या काही पानांतच उरकते. प्रेम आणि श्रद्धा ही पुढची मिळकत. म्हणजे वैधव्य हा तेथे कथेचा उंबरठा आहे आणि पुनर्विवाह ही पहिली पायरी.

‘यमुनापर्यटन’ 1857 सालचे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झालेला. पदमनजी तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. जन्म बेळगावचा, 1831 चा. बाप्तिस्मा 1854 चा. त्यांची यमुनाही विधवा होते आणि तीही पुनर्विवाह करते. पण केव्हा? नवरा विनायक याच्याबरोबर ती प्रवास करते, गावोगावच्या विधवांचे हाल पाहते, ऐकते. मग अपघाताने विनायकच जातो. आतापर्यंत जे दुसऱ्यांचे दुःख म्हणून ऐकले तेच तिच्या दारात येते. केशवपनाचा धाक उभा राहतो. त्यानंतर ती ख्रिस्ती होते आणि अगदी शेवटी एका ख्रिस्ती गृहस्थाशी विवाह करते. मार्टीला जे प्रारंभीच मिळाले, तेथवर पोहोचायला यमुनेला सबंध पुस्तक चालावे लागते.

हा लेखकाच्या कौशल्याचा फरक नाही. कथा कोठून सुरू करता येते हे पुष्कळदा समाजच ठरवतो. अमेरिकेच्या सीमावर्ती वस्तीत विधवेने पुन्हा लग्न करणे ही व्यवहाराची गोष्ट होती. धान्य, निवारा आणि हिवाळा यांचा प्रश्न होता. महाराष्ट्रात 1869 साली मुंबईत एक ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला तर बहिष्काराचे रान उठले आणि पुढल्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थाचा घोळ घालावा लागला. पदमनजींनी आपल्या नायिकेचे लग्न लावून दिले ते त्याच्याही बारा वर्षे आधी.

आमच्यातल्या एकाचा आक्षेप होता की हे सारे धर्मप्रचाराचे साहित्य, त्याला कादंबरी कशाला म्हणायचे? आक्षेप जुनाच आहे. पुष्कळांनी पहिल्या स्वतंत्र कादंबरीचा मान 1861 च्या ‘मुक्तामाले’ला दिला तो काही उगीच नाही. पण ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांच्या अद्भुतरम्य जगातून फिरून आल्यावर ‘यमुनापर्यटना’तला न्हावी, सासू, आणि लाल आलवणातली बाई आपल्याला जास्त ओळखीची वाटते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीतल्या वास्तववादी धारेचा उगम येथे पाहिला तो आम्हांला पटतो. प्रचाराचा भाग कंटाळवाणा आहे हे मात्र कबूल करायला हवे. विनायक आणि यमुना जेथे धर्मचर्चा करू लागतात तेथे आम्ही पाने उलटतो. परंतु नवरा-बायको एकमेकांशी समान पायरीवरून बोलतात, तीही 1857 मध्ये, ही गोष्ट त्या कंटाळ्यातही डोळ्यांत भरते. प्रेमकथा म्हणायचीच तर ती तेथे आहे.

खेळातले तिसरे पुस्तक कादंबरी नव्हतेच, म्हणून नियमबाह्य ठरायला हवे होते : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून चार भागांत आलेले हे आत्मचरित्र. पण मराठीतली श्रद्धेची आणि प्रेमाची गुंतागुंत जिच्यात आहे अशी याहून मोठी कथा आम्हांला ठाऊक नाही, म्हणून सर्वानुमते सूट दिली. शिवाय तिच्यावर आमच्या गावचा थोडा हक्क आहे. नारायण वामन टिळक 1890 च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली, त्याने नवा करार वाचायला दिला, आणि तेथून त्यांच्या मनाची उलथापालथ सुरू झाली. तो रूळ तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा असाच जातो. त्या काळी हा सारा टापू भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो 1999 साली. सालेकसा सोडले की जंगल आणि डोंगर सुरू होतात. आम्ही त्या वाटेने कैकदा गेलो आहोत, पण शेजारच्या प्रवाशाने वाचायला दिले ते फार तर कालचे वर्तमानपत्र.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परत एकत्र आल्यावरही आपले सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी निराळा ठेवला. 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्याआधी त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला होता, तोही स्वतःच्या डोक्याने विचार करून. नवऱ्याच्या मागोमाग निमूट गेलेली ही बाई नव्हे.

आणि या पुस्तकाचा आरंभ? त्यात ना ख्रिस्त आहे ना टिळक. सत्तावन्नच्या बंडानंतर फासावर गेलेले आजोबा आणि सोवळ्याच्या वेडाने घरादाराला पिडणारे वडील येथून लक्ष्मीबाई सुरुवात करतात. आमच्यातल्या ज्या गृहस्थाला पुस्तक ओळखता आले नाही त्याने तर्क केला की ही विनोदी कथा असावी. आम्ही हसलो, मग लक्षात आले की तो फारसा चुकला नव्हता. बापाच्या सोवळ्यावर हसत हसत लिहिणारी ही मुलगी पुढे स्वतःच्या सोवळ्याशी कशी झुंजणार आहे, ते सारे त्या पहिल्या पानांत दडलेले आहे. धर्मांतराची गोष्ट सांगताना तिने आरंभ केला तो विटाळापासून.

आणि ‘यमुनापर्यटन’ही 1857 चेच. त्याच साली एका घरातले आजोबा बंडात सापडले आणि एका तरुण ख्रिस्ती लेखकाचे पुस्तक बाहेर पडले. पुढल्या बैठकीत पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे 1888 चे आत्मचरित्र कोणी आणणार आहे. त्याचा आरंभ ऐकल्यावर पुन्हा लिहू.