मोडेमचे वाय-फाय बंद करताना



रास अल खैरला नोकरीनिमित्त आलेल्या, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या किंवा जुबैलला बिऱ्हाड ठेवून कामावर ये-जा करणाऱ्या कुटुंबांना एक प्रश्न हमखास पडतो. बाजारातून चांगला राउटर आणला, लावला, इंटरनेटही सुरू झाले. मग इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या मोडेमचे मूळ वाय-फाय चालू ठेवायचे की बंद करायचे? आणि बंद करायचे तर कसे?

उत्तर आधीच सांगून टाकतो. स्वतःचा राउटर लावला असेल तर मोडेमचे वाय-फाय बंद करावे. तसे केल्याने इंटरनेट जात नाही.

एका डबीत तीन वस्तू

आपण ज्याला सरसकट मोडेम म्हणतो त्या डबीत खरे तर तीन वस्तू असतात. पहिली, बाहेरून आलेल्या फायबरच्या तारेशी बोलणारा भाग. दुसरी, घरातल्या यंत्रांना इंटरनेट वाटून देणारा राउटर. तिसरी, वाय-फायचा लहरी सोडणारा रेडिओ. आपल्याला फक्त हा तिसरा भाग बंद करायचा आहे. पहिले दोन चालूच राहतात आणि केबलवाटे आपल्या नव्या राउटरला इंटरनेट देत राहतात.

सिमकार्डावर चालणारा फोर-जी किंवा फाइव्ह-जी मोडेम असेल तर थोडे जपून. त्यात दोन बिनतारी संबंध असतात, एक टॉवरशी आणि दुसरा आपल्या घरातल्या यंत्रांशी. दुसराच बंद करायचा. 'मोबाइल डेटा' असे लिहिलेले खटके बंद केले तर इंटरनेटच जाईल.

चालू राहिले तर बिघडले कुठे?

पहिली गोष्ट वेगाची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लागून घरे असतात, म्हणजे शेजाऱ्यांचे सिग्नल आधीच गर्दी करून असतात. त्यात आपलेच दोन डबे शेजारी शेजारी ठेवून एकाच चॅनेलवर चालू राहिले, तर ते एकमेकांसाठी थांबत बसतात. शिवाय कोणत्या सिग्नलला चिकटून राहायचे ते फोन स्वतः ठरवतो. नवा राउटर समोर असूनही तो कोपऱ्यातल्या जुन्या मोडेमला धरून बसतो आणि आईशी बोलताना चित्र गोठले की आपण दोष नव्या राउटरला देतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते कनेक्शन आपल्या इकाम्यावर घेतलेले असते. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नवा राउटर लावून सहा महिने झाल्यावर एकदा सहज मोडेमचे पान उघडले, तर जुन्या वाय-फायवर तीन अनोळखी फोन जोडलेले! मागे सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांना पासवर्ड दिला होता. ते घर सोडून गेले, पण पासवर्ड त्यांच्या मागून आलेल्यांना देऊन गेले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, पण सहा महिने आमच्या नावावर कोण काय पाहत होते याचा आम्हाला पत्ता नव्हता.

यात काय धोका आहे ते आपल्या नवी मुंबईने २००८ साली पाहिले. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याचे वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते, पण पत्ता त्याचा निघाला आणि चौकशीही त्यालाच सोसावी लागली. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचे वाय-फाय अशाच मेलसाठी वापरले गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये भारताच्या दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. सौदीतही सायबर गुन्ह्यांविरुद्धचा कायदा २००७ पासून आहे. परक्या देशात "ते मी नव्हेच" हे सिद्ध करत बसण्यापेक्षा पाच मिनिटांचे काम आधीच केलेले बरे.

तिसरे कारण काही वाचक देतात, ते म्हणजे लहरींची भीती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली याबद्दल माहितीपत्रक काढले होते. बिनतारी जाळ्यांच्या क्षीण लहरींमुळे प्रकृतीवर वाईट परिणाम होतो असा पटण्याजोगा शास्त्रीय पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा घाबरून बंद करायची गरज नाही, वरची दोन कारणे पुरेशी आहेत.

करायचे कसे?

मोडेम कोणत्या बनावटीचा आहे त्याप्रमाणे पाने थोडी वेगळी दिसतील, पण क्रम हाच.

१. आधी नवा राउटर नीट चालू झाल्याची खात्री करा. मोडेमच्या 'लॅन' भोकातून केबल काढून ती नव्या राउटरच्या 'वॅन' भोकात घाला. नव्या वाय-फायवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहा.

२. आता लॅपटॉप दुसऱ्या केबलने थेट मोडेमला जोडा. हे काम मोडेमच्याच वाय-फायवरून करायला गेलात तर बसलेली फांदी तोडल्यासारखे होईल, मध्येच संबंध तुटेल.

३. मोडेमच्या खाली किंवा मागे स्टिकर असतो. त्यावर पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.१००.१ असा असतो. तो इंग्रजी आकड्यांत, ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करा, शोधायच्या चौकटीत नव्हे.

४. पान अरबीत उघडले तर घाबरू नका, वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय बहुतेक वेळा असते. 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' असे लिहिलेला विभाग शोधा.

५. तिथे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वेगळी पाने असतात. 'एनेबल' पुढची खूण दोन्हीकडे काढा. बहुतेकांची चूक इथेच होते, एक पट्टा बंद करतात आणि दुसरा चालूच राहतो. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' वाय-फाय असेल तर तेही बंद करा.

६. प्रत्येक पानावर 'अप्लाय' किंवा 'सेव्ह' दाबायला विसरू नका.

७. खात्री करा. मोडेमवरचा वाय-फायचा दिवा विझला पाहिजे. फोन घेऊन मोडेमजवळ उभे राहा आणि जुने नाव यादीत दिसत नाही ना ते पाहा.

काही मोडेमना बाजूला वाय-फायचे बटण असते, ते काही सेकंद दाबूनही काम होते. मात्र शेजारच्या 'रीसेट'च्या बारीक भोकात टाचणी घालू नका. तसे केले तर मोडेममध्ये भरलेली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर इंटरनेटविना राहील.

एक सोयीची युक्ती

टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, आजीचा टॅब्लेट, सगळीकडे नवा पासवर्ड घालत बसायचा कंटाळा येतो. जुन्या वाय-फायचा पासवर्ड कोणालाही दिलेला नसेल आणि तो स्टिकरवरचा नसेल, तर जुने बंद झाल्यावर तेच नाव आणि तोच पासवर्ड नव्या राउटरला द्या. बहुतेक यंत्रे आपोआप जोडली जातील. पासवर्ड बाहेर गेला असेल तर मात्र आळस करू नका, नवाच ठेवा.

इकडे लक्ष द्या

- वाय-फायचे नाव लपवणे म्हणजे वाय-फाय बंद करणे नव्हे. नाव यादीत दिसत नाही, पण रेडिओ चालूच असतो.
- मोडेमच्या मागे घरचा टेलिफोन लावलेला असेल तर तो मोडेममधूनच चालतो. म्हणून मोडेमची वीज बंद करू नका, फक्त वाय-फाय बंद करा.
- मोडेम रीसेट झाला, बदलून मिळाला किंवा त्याची आतली प्रणाली अद्ययावत झाली, तर वाय-फाय पुन्हा चालू झालेले असू शकते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहत जा.
- तो खटका पानावर सापडला नाही तर इंटरनेटवाल्यांच्या मदत केंद्राला फोन करून "दोन्ही पट्ट्यांचे वाय-फाय बंद करा" एवढेच सांगा. 'ब्रिज मोड' ही वेगळी गोष्ट आहे, त्यात मोडेममधला राउटरही बंद होतो. तो आपल्याला नको आहे.
- आपण फोन केला असेल तर ठीक. पण कोणी आपणहून फोन करून मोडेमचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला संकेतांक मागितला, तर देऊ नका.

वेगळा राउटर नसेल तर

मग वाय-फाय चालू ठेवावेच लागेल. निदान स्टिकरवरचा पासवर्ड बदला. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ निवडा. जुना डब्ल्यूईपी निवडू नका, त्यातले दोष २००१ मध्येच उघड झाले होते. 'डब्ल्यूपीएस' बंद करा. त्याचा आठ आकडी पिन फोडता येतो हे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले. आणि उन्हाळ्यात दोन महिने गावी जाताना, घरात कॅमेरा वगैरे चालू ठेवायचा नसेल, तर मोडेमची वीजच बंद करून जा. बंद घरात, इथल्या उन्हाळ्यात तापत राहण्यापेक्षा त्यालाही विश्रांती बरी.

घराला कुलूप लावताना आपण कडी दोनदा ओढून पाहतो. या अदृश्य दारालाही तेवढीच सवय लावून घेऊ या. आणि हे वाचून झाल्यावर पुण्याला किंवा कोल्हापूरला आई-बाबांच्या घरी जो मोडेम बसवला आहे, त्याचीही एकदा चौकशी करा. तिथला पासवर्ड बहुधा अजून स्टिकरवरचाच असेल.