पुणे म्हणजे दोन, चार की बारा?

मंडळी, रुबीत जेसन कसं वाचतात याचा इतिहास सांगतो म्हटलं की घरचे पळतात. पण ही गोष्ट आपल्या गावापर्यंत येते, तेव्हा जरा थांबा.

जेसन म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेली चिठ्ठी: 'शहर', आणि त्यापुढे 'पुणे'. डग्लस क्रॉकफर्डने २००१ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. रुबीमध्ये ती चिठ्ठी जेसन.पार्स उलगडते, २००९ च्या १.९.१ पासून ही सोय भाषेसोबतच मिळते.

आता चिठ्ठीतून निघालेल्या 'पुणे'ची लांबी विचारा. जुनी १.८ म्हणायची १२, कारण ती नुसते बाइट मोजायची. १.९ पासून उत्तर येतं ४: प, उकार, ण, मात्रा. आणि आजी म्हणेल २! (आजीचं गणित रुबीला २०१७ अखेरच्या २.५ मध्ये थेट जमलं.)

हा ४ आला कुठून? युनिकोडने १९९१ साली देवनागरीचा तक्ता घेतला तो १९८८ च्या भारतीय 'इस्की' संकेतावरून. त्यामागचं जिस्टचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात सी-डॅकमध्ये आलं. विचार साधा होता: अक्षर दिसतं कसं ते नको, उच्चारतो कसं ते साठवा. म्हणून 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढली तरी साठवताना 'क' आधी. शिवाय सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी सारखी. गुजराती 'प' आपल्या 'प'पासून युनिकोडमध्ये बरोबर ३८४ घरं पुढे. मला तर हे परमच्या महासंगणकापेक्षा मोठं काम वाटतं.

का, ते आमच्या काकांच्या आठवणींवरून कळतं. त्यांनी त्या १९९८ साली कुठल्याशा फॉन्टमध्ये टंकल्या. त्यात मराठी फक्त दिसायला. आत साठवलेली सगळी रोमन अक्षरं. त्यांचं जेसन केलं तर जेसन.पार्स मुळीच कुरकुर करत नाही, चिठ्ठी नियमाने बरोबरच असते! बाहेर येतो तो मात्र अगम्य कचरा. सध्या मी त्या फॉन्टचा तक्ता अक्षराला अक्षर लावून बनवतोय. आजोळच्या वाड्याचं प्रकरण सुटलं आहे, पानशेतचं बाकी आहे. कुणाकडे त्याची छापील प्रत असेल तर कळवा, जोडाक्षरं पडताळता येतील.