जीपचं स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

१९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. आराखडा दुसऱ्या महायुद्धातला: पुढेही अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. पेण-रोह्याच्या खड्ड्यांत हा सांगाडा टिकतो, पण हादरे किंगपिन आणि टायरॉडला खातात. म्हणून स्टिअरिंग थरथरलं की लगेच स्टिअरिंग बॉक्स बदलू नका. आधी टायरमधली हवा बघा. मग मागची चाकं अडवून पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवताना प्ले जाणवला, तर बेअरिंग किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून जाणवला, तर बहुधा टायरॉड एंड. पाट्यांचे बुश, यू-बोल्टही तपासा. युद्धाने दिलेली ही रचना अजून नुसत्या हातांनी वाचता येते. सुकेळी खिंडीच्या उताराला लागण्याआधी ती वाचलेली बरी.